बापाच्या पैशाला संमतीपत्र लागत नाही

ब्रिटनमध्ये मास्टर्स संपल्यावर ग्रॅज्युएट व्हिसावर दोन वर्षे राहून नोकरी करता येते. १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दीडच वर्ष मिळेल. मात्र गेल्या बारा महिन्यांत ज्यांची फी आणि राहण्याचा खर्च सरकारी शिष्यवृत्तीने उचलला, त्यांना शिष्यवृत्ती देणाऱ्याचे लेखी संमतीपत्र लागते. बापाच्या पैशावर शिकलेल्याला ही अट नाही.

१९१७ मध्ये बडोद्याची शिष्यवृत्ती संपली आणि बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. आजही आपला मुक्काम कुणाच्या तरी सहीवरच ठरणार का? सामाजिक न्याय विभागाने हे पत्र ठरलेल्या मुदतीत द्यावे, ही मागणी लावून धरा. आणि मित्रांनो, स्टुडंट व्हिसा संपण्याआधी, तिथे असतानाच अर्ज करा. जय भीम!