परक्या जागेवरचे दुकान

आपल्या घरांतील मुले आता केवळ नोकरीसाठी संगणक शिकत नाहीत. धंदाही त्यातच मांडू पाहतात. मारेगाव-वणी पट्ट्यात कापसाची अडत, किराणा, कापड असा पिढीजात व्यापार करणाऱ्या कुटुंबांनाही हे नवे नाही. या वेळचा लेख त्या मुलांपेक्षा त्यांना भांडवल देणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी आहे.

अशा धंद्यांपैकी बरेचसे काम पूरक सॉफ्टवेअरचे असते. मूळ प्रणाली दुसऱ्याची. आपण तीत भर घालणारा लहानसा भाग तयार करून विकायचा. व्यापाऱ्यांच्या परिचयाचे उदाहरण टॅलीचे. १९८६ साली श्यामसुंदर गोएंका व भरत गोएंका या पितापुत्रांनी उभी केलेली ही कंपनी बंगळूरची. तिच्या प्रणालीत भर घालण्यासाठी टीडीएल नावाची स्वतंत्र भाषा आहे. अडत, हमाली, तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी हव्या त्या नमुन्यात छापणे, अशी कामे तीत लिहून घेता येतात. काम उपयुक्त, गिऱ्हाईक तयार. मात्र २००९ मध्ये टॅली ईआरपी ९ आली, २०२० मध्ये टॅलीप्राइम. मूळ प्रणाली बदलली की पूरक भाग तपासणे, गरज पडल्यास दुरुस्त करणे आले. त्याची वेळ कंपनी ठरवते, खर्च मुलाचा. आणि गिऱ्हाईक म्हणते, पैसे तर एकदा दिलेच आहेत!

हा झाला सौम्य प्रकार. कठोर प्रकार १ मार्च २०२४ रोजी दिसला. शुल्काच्या वादातून गुगलने काही भारतीय कंपन्यांची अॅप आपल्या प्ले स्टोअरवरून काढली. त्यांत मुंबईच्या शादी डॉट कॉम व कुकू एफएम या कंपन्या होत्या, भारत मॅट्रिमनीही होती. सोयरिकीसाठी आपल्यातील कित्येकांच्या फोनमध्ये यांपैकी एखादे अॅप असेलच. गुगलची मागणी अॅपमधून होणाऱ्या विक्रीवर ११ ते २६ टक्क्यांची होती. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारीत अंतरिम संरक्षण नाकारले होते. पुढे केंद्र सरकारने मध्यस्थी केली आणि चार-पाच दिवसांत अॅप परत आणण्याचे ठरले. या कंपन्यांचा आवाज दिल्लीपर्यंत पोहोचला. यवतमाळ जिल्ह्यातील दोन खोल्यांच्या कार्यालयासाठी कोणता मंत्री बैठक बोलावणार?

तिसरा प्रकार अधिक सभ्य दिसतो. कॅरेलिया या छोट्या कंपनीने अॅपलच्या संगणकांसाठी वॉटसन नावाचे सॉफ्टवेअर केले होते. २००२ साली अॅपलने स्वतःच्या शेरलॉकमध्ये बहुतांशी तशाच सोयी आणल्या. जे मूळ प्रणालीसोबत मिळते, त्यासाठी वेगळे पैसे कोण मोजणार?

याचा अर्थ असा धंदा करूच नये, असे मी म्हणणार नाही. स्वतःच्या बळावर जे गिऱ्हाईक दहा वर्षांत मिळाले नसते, ते मोठ्या प्रणालीमुळे वर्षभरात मिळते, हेही खरे. पण बँकेत भाड्याच्या दुकानासाठी कर्जाचा अर्ज आला, की आम्ही भाडेकरार किती वर्षांचा उरला आहे ते आधी पाहत असू. हप्ते करारापेक्षा लांबले, तर प्रकरण परत जाई. येथेही तोच कागद मागावा. कंपनीच्या अटी काय आहेत, त्या बदलायच्या तर ती किती दिवस आधी कळवते, गिऱ्हाइकांची नावे व फोन क्रमांक मुलाच्या वहीत आहेत की कंपनीच्याच ताब्यात, आणि तोच माल दुसऱ्या एखाद्या प्रणालीवर चालतो का, हे विचारावे. पुष्कळदा या शेवटच्या प्रश्नावर मुले गप्प होतात.

तारणाचा मुद्दा तर याहून नाजूक आहे. दुकान बंद पडले तरी माल विकता येतो, कपाटे-काउंटर विकता येतात. दुसऱ्याच्या प्रणालीसाठी लिहिलेल्या सॉफ्टवेअरला ते दार बंद झाल्यावर भंगाराचा भावही येत नाही. म्हणून राहते घर गहाण ठेवून यात पैसा घालू नये. व्यापारातील वर्षाच्या शिलकेतून जेवढे निघेल तेवढेच द्यावे, आणि मुलाला पहिल्या दिवसापासून गिऱ्हाइकाशी वार्षिक देखभालीचा लेखी करार करायला लावावा.