झाडूसोबत जाबही हवा!

देवाच्या दारी उकिरडा करून पुण्य लाभते, असे कोणत्या पोथीत लिहिले आहे? श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला भीमाशंकरी लोटणाऱ्या गर्दीला आमचा हा रोकडा सवाल आहे. शेकरूच्या रक्षणासाठी १९८५ साली सुमारे १३० चौरस किलोमीटरचे अभयारण्य जेथे घोषित झाले, तेथे रिकाम्या बाटल्या, वेफर्सची पाकिटे आणि प्रसादाच्या पिशव्या बेधडक दरीत भिरकावल्या जातात. येथे उगम पावणारी भीमाच पुढे उजनी भरते आणि पंढरपुरी चंद्रभागा म्हणून पुजली जाते. उगम नासवायचा आणि वाळवंटात लोटांगण घालायचे, हा शुद्ध देवद्रोह आहे!

हातमोजे चढवून उतारावर उतरणारी, जाळीत अडकलेले प्लॅस्टिक ओढून पोती पाठीवर वाहणारी तरुण मुलेमुली पाहिली की आमचे हात आपोआप जुळतात. पण पुढच्या गर्दीत तीच दरी पुन्हा भरते, आणि कचरा टाकणारा, विकणारा, बनवणारा, त्याकडे काणाडोळा करणारा असे चौघेही मोकळे सुटतात. त्यांचे पाप या मुलांनी किती वर्षे उपसायचे?

गाडगेबाबा दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला प्रश्नांनी सळो की पळो करून सोडीत. आम्ही बाबांचा झाडू उचलला. त्यांचे प्रश्न मात्र सोयीस्कर विसरलो.

कायद्यांचा दुष्काळ नाही. राज्यात २०१८ पासून प्लॅस्टिकबंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला ५,००० रुपये दंड आहे. प्लॅस्टिक कचऱ्याची जबाबदारी २०१६ च्या नियमांनी उत्पादकांवरही टाकली आहे. निलगिरीत मद्याच्या बाटलीमागे १० रुपये अनामत घेऊन रिकामी बाटली आणणाऱ्याला ती परत देण्याची योजना २०२२ साली न्यायालयाच्या रेट्याने सुरू झाली. तेथे जमते, मग सह्याद्रीत का जमू नये? अभयारण्याच्या नाक्यावर प्रत्येक बाटलीची अनामत घ्या, पिशव्या तपासा, दंडाची पावती जागेवरच फाडा!

आणि वाचकहो, तुम्ही घरी बसून हळहळू नका. पुढच्या श्रमदानाला या. वाकून कचरा वेचा, वेचलेल्या पाकिटांवरील कंपन्यांची नावे नोंदवा. ती यादी ग्रामसभेत, वनखात्यात आणि प्रदूषण नियंत्रण मंडळात मोठ्याने वाचा, आणि उत्तर मिळेपर्यंत जागचे हलू नका!