घर लावा मुलांच्या उंचीनं

लहान मुलं असलेल्या घरात आवराआवरीचं काम कधी संपत नाही, हे काय कुणी सांगायला हवं? सकाळी अंथरुणं काढावीत, केर काढावा, फरशी पुसावी, आणि दहा वाजायच्या आत पुन्हा घरभर कागदाचे कपटे, सांडलेले मुरमुरे, एकच मोजा आणि झाकण नसलेला डबा! मग बायका दोन वाटांनी जातात. काही जणी दिवसभर मुलांच्या मागं उचलत फिरतात. काही जणी ‘मुलं मोठी झाली की बघू’ म्हणून सोडून देतात. पहिलीत आपली कंबर जाते आणि दुसरीत घराची रया जाते.

मैत्रिणींनो, तिसरी वाट आहे. ती साधी आहे, पैसेही लागत नाहीत. फक्त घराकडे एकदा मुलाच्या उंचीवरून पाहायचं.

आपण घर लावतो ते आपल्या उंचीनं. खुंटी, फळी, आरसा, सगळं आपला हात सहज पोहोचेल तिथं. खाली वाकावं लागतं म्हणून तळच्या खणात काय जातं? ज्याची रोज गरज नाही ते! मोरीच्या कोपऱ्यात फिनेलची बाटली, ओट्याखाली संडास धुण्याचं ॲसिड, कपाटाच्या तळाशी डांबरगोळ्या, आणि जिन्याखाली रंगाचं थिनर. मुलाचे कपडे, पाण्याचा पेला, चित्रांची पुस्तकं मात्र वर. म्हणजे मुलाला जे हवं ते त्याच्या हाताला लागत नाही, आणि ज्यानं त्याचा जीव जाईल ते नेमकं त्याच्या नाकासमोर. मग पसाराही होतो आणि घातही होतो. दोन्हींचं मूळ एकच.

मी अर्धवेळ शिक्षिका आहे. पहिलीच्या वर्गात दरवर्षी एक गोष्ट दिसते. वर्गाबाहेर खडूनं एक रेघ ओढली की सगळी मुलं त्या रेघेवर चपला ओळीनं काढतात. तीच मुलं घरी चपला भिरकावतात, म्हणून त्यांच्या आया तक्रार करतात. मूल तेच, चपलाही त्याच. फरक एवढाच, की शाळेत चपलेची जागा मुलाला दिसते आणि घरी ती फक्त आईला ठाऊक असते.

आधी रेघ ओढा

मुलाला भिंतीशी उभं करा. हात उंच करायला सांगा आणि टाचा उचलायला लावा. बोटं जिथं लागतील तिथं पेन्सिलीनं खूण करा. ही त्याच्या हाताची रेघ. दोन मुलं असतील तर दोन रेघा. मूल वाढतं तशी रेघही वर सरकते, तेव्हा दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा मापा. दिवाळी, संक्रांत, पाडवा असे सण धरले की विसर पडत नाही.

आता नियम एकच. रेघेच्या खाली जे असेल ते मुलानं हाताळलं तरी चालेल असंच हवं. जे चालणार नाही ते रेघेच्या वर, आणि तेही कडी-कुलपात.

कुलूप कशाला, असं कुणी विचारील. आपल्या जुन्या घरांत दुधालोण्याचं शिंकं आढ्याला टांगलेलं असायचं. तरी गोकुळातल्या गवळणींचं लोणी वाचलं का? मूल स्टूल आणतं, गाद्यांच्या चळतीवर चढतं, भावंडाच्या खांद्यावर उभं राहतं. म्हणून विषारी वस्तूंना नुसती उंची पुरत नाही.

रेघेच्या वर काय न्यायचं

फिनेल, ॲसिड, ब्लीचिंग पावडर, डासांच्या औषधाच्या बाटल्या, उंदराचं औषध, घरात असेल तर रॉकेल, आणि शेताशी संबंध असेल तर फवारणीचं औषध. हे शेवटचं तर घरात आणूच नये. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधी एकत्र वापरू नका. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. यातली कुठलीही वस्तू सरबताच्या किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवू नका. मुलाला अक्षर वाचता येत नाही, बाटली मात्र ओळखता येते.

डांबरगोळ्या पेपरमिंटसारख्या दिसतात. पोटात गेल्या तर काही मुलांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. घड्याळातल्या आणि खेळण्यांतल्या चपट्या गोल बटन-सेलचंही तसंच. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजतो. घरातल्या वडीलधाऱ्यांची चुन्याची डबी किंवा पुडी कोनाड्यात सहज पडलेली असते. मुलानं ती दाबली की चुना थेट डोळ्यात उडतो आणि नजर जाऊ शकते. तसं झालं तर चोळू नका. डोळा उघडा धरून वीस मिनिटं तरी स्वच्छ पाण्याची धार सोडा आणि लगेच डॉक्टरांकडे न्या.

मुलानं ॲसिड, रॉकेल किंवा फिनेल प्यायलं तर मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नका. उलटीतून ते पुन्हा घसा भाजतं किंवा फुफ्फुसात शिरतं. बाटली बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठा. वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

साठवणीचं पाणी

आमच्या खानदेशात उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो, आणि पाणी साठवल्याशिवाय भागत नाही. टिपं, बादल्या, टाकी, मोरीतली घंगाळं सगळी भरलेली. आवरण्याच्या कामात याकडे आपलं लक्षच जात नाही, कारण पाणी म्हणजे पसारा नव्हे. पण नुकतं चालायला लागलेलं मूल बादलीत वाकलं की डोक्याच्या वजनानं आत पडतं, आणि त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही. वीतभर पाणीही पुरतं, आणि हे सगळं आवाज न होता घडतं. म्हणून वापर नसलेली बादली उपडी, भरलेल्या टिपावर घट्ट झाकण, आणि मोरीच्या दाराला बाहेरून वर कडी.

झाकणाचा दुसराही फायदा आहे. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठवणीच्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. अंडी मात्र पाण्याच्या रेषेवर भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी होऊनही महिनोन् महिने टिकतात. म्हणून आठवड्यातून एक वार ठरवून भांडी रिकामी करा, आतून काथ्यानं घासा आणि उन्हात कोरडी होऊ द्या. नुसतं पाणी ओतून भागत नाही. उरलेलं पाणी वाया घालवू नका, ते फरशीला आणि तुळशीला जाईल.

रेघेच्या खाली काय आणायचं

आता गंमतीचा भाग. रेघेच्या खाली मुलाच्या उंचीला चार खुंट्या ठोका. दप्तर, टॉवेल, टोपी, रोजचे कपडे. तळच्या खणात त्याची ताट-वाटी. एक टोपली खेळण्यांची, एक धुण्याच्या कपड्यांची. टोपलीवर चित्र चिकटवा: एकीवर चेंडू, दुसरीवर सदरा. खेळणी सगळी बाहेर ठेवू नका. निम्मी माळ्यावर टाका आणि पंधरा दिवसांनी अदलाबदल करा. जुनी खेळणी नव्यासारखी वाटतात आणि उचलायला निम्मीच राहतात.

आमच्या वरणगावात १९६४ साली आयुध निर्माणी आली आणि तिच्याबरोबर क्वार्टर आले. गावात आजही काही जुनी धाब्याची घरं आहेत. क्वार्टरमध्ये सिमेंटच्या फळ्या ठरलेल्या जागी असतात, त्या हलवता येत नाहीत. तिथं तळच्या फळीवरचा माल वर चढवायचा आणि ती फळी मुलांना द्यायची. धाब्याच्या घरात भिंतीतली बसकी देवळी असते, ती तर जणू मुलांसाठीच केलेली! दोन खोल्यांचं घर असलं तरी एक देवळी किंवा एक फळी निघतेच.

हे काही मी नवीन सांगत नाही. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममधल्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह काढलं. तिथं मुलांच्या उंचीची बसकी कपाटं होती, आणि झाडणं, पुसणं, पाणी ओतणं हाच मुलांचा अभ्यास होता. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला अनुताई वाघ यांच्या साथीनं ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे १९५७ साली ते कोसबाडला गेलं. मुलांची स्वच्छता हा तिथल्या शिक्षणाचाच भाग होता, आणि महागड्या साधनांवाचून आजूबाजूच्या वस्तूंतून शिकवलं जाई. गरिबांच्या मुलांना जे जमलं ते आपल्या घरात जमणार नाही असं थोडंच आहे?

कोणी काय करायचं

दोन वर्षांचं मूल खेळणी टोपलीत टाकू शकतं. तीन वर्षांचं चपलांच्या जोड्या लावतं, मटाराच्या शेंगा सोलतं. चार वर्षांचं ओल्या फडक्यानं खालची फळी पुसतं, रुमालांच्या घड्या घालतं. पाच-सहा वर्षांचं पाणी वाढतं, पांघरूण घडी करतं आणि छोटा केरसुणीचा हातही फिरवतं. घडी वाकडी येईल, केर निम्मा राहील. त्याच्यासमोर लगेच दुरुस्त करू नका. आपण मोडून पुन्हा केलं की मूल समजतं, हे काम आईचंच.

पूर्वापार बायका दिवेलागणीच्या आत केर काढतात. ती वेळ मुलांची करा. दहा मिनिटं, घरातल्या सगळ्यांनी. आई स्वयंपाकघरात, मुलं आपल्या टोपल्यांपाशी, आणि वडील घरी असतील तर तेही. ‘पसारा आवर’ असं मोघम सांगू नका. ‘चेंडू टोपलीत, पुस्तकं देवळीत’ असं नेमकं सांगा. उन्हाळ्यात काळ्या मातीची धूळ घरभर होते, तेव्हा आधी ओलं फडकं आणि मग केरसुणी, म्हणजे धूळ उडून पुन्हा फळ्यांवर बसत नाही.

आणखी एक. हे मुलीलाच सांगायचं आणि मुलाला सूट द्यायची असं नको. आजी म्हणतील, ‘पोराच्या हाती केरसुणी कशाला?’ त्यांना गोडीनं सांगावं, की उद्या शिकायला परगावी खोली घेऊन राहील तेव्हा त्याला आपलं ताट उचलता यायला हवं. लेकीची पाठ आज वाकवायची नाही, म्हणजे उद्या सुनेचीही वाकणार नाही.

हे एका दिवसात होत नाही. या रविवारी फक्त रेघ ओढा आणि मोरीतल्या बाटल्या वर न्या, एवढंच करा. पुढच्या रविवारी टिपांची झाकणं बघा. त्यानंतर खुंट्या आणि टोपल्या. महिन्याभरात घर आरशासारखं लख्ख होणार नाही, मुलं आहेत तोवर व्हायचंही नाही. पण दुपारी मूल दहा मिनिटं डोळ्याआड झालं तर काळजात धस्स होणार नाही, आणि संध्याकाळी उचलणारे हात दोनाऐवजी चार-सहा असतील.