पेडल मऊ, मामला कडक!

शुक्रवार संध्याकाळ झाली, की निम्म्या पुण्याला लोणावळा नाहीतर ताम्हिणी खुणावायला लागतं. गाणी रेडी, चिप्स रेडी, टाकी फुल्ल! पण ब्रेकचं पेडल कसं लागतंय, हे किती जण बघतात? पाय ठेवल्यावर ते उशीसारखं दबत असेल, तर बॉस, वीकेंड कॅन्सल. आधी गॅरेज!

यामागचं सायन्स शाळेतलंच आहे. ब्रेक ऑइल जवळजवळ दबत नाही, म्हणून पायाचा जोर थेट चाकापर्यंत पोहोचतो. हवा मात्र दबते. लाइनमध्ये बुडबुडे शिरले, की निम्मा जोर त्यांनाच दाबण्यात जातो. दोन-तीनदा पंप केल्यावर पेडल टाइट होत असेल, तर संशय हवेवरच घ्यायचा.

गेल्या महिन्यात मैत्रिणीच्या गाडीचं हेच झालं. होज पाइप बदलला आणि पेडल मऊ. आमच्या मेकॅनिककाकांनी मला सीटवर बसवलं आणि स्वतः चाकापाशी बसले. ‘ताई, दाबा... धरून ठेवा... सोडू नका!’ त्यांनी ब्लीडर नट सैल केला. पारदर्शक नळीतून तेल आलं आणि त्याबरोबर बुडबुडे. नट बंद झाल्यावरच पाय उचलायचा, नाहीतर हवा पुन्हा आत. बुडबुडे थांबेपर्यंत हेच, चारही चाकांना. मध्ये मध्ये काका टाकीत नवं तेल ओतत होते, कारण टाकी रिकामी झाली की सगळी मेहनत पाण्यात.

एबीएसवाल्या काही गाड्यांना या कामासाठी कम्प्युटर जोडावा लागतो. तिथे घरगुती प्रयोग नकोत.

आणि ‘थोडं ऑइल टाकलं, झालं काम’ असं कुणी म्हणालं, तर गप्प बसू नका. ऑइल कमी का झालं, ते विचारा. पॅड झिजलेत की कुठे लीक आहे? पेडल दाबून ठेवल्यावर हळूहळू खाली जात असेल, तर नुसती हवा काढून भागणार नाही. मास्टर सिलिंडर आणि लाइन तपासायलाच हवी.

आता घाटाची गोष्ट. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा शोषतं. डॉट ३ तेलाचा उकळबिंदू नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. पाणी मुरलं, की तो १४० पर्यंत उतरू शकतो. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला, तर ते आतच उकळतं, वाफ होते आणि पेडल पुन्हा स्पंज! तेही वळणावर. म्हणून साधारण दोन वर्षांनी किंवा मॅन्युअल सांगेल तेव्हा तेल बदला आणि उतारावर खालचा गिअर टाका.

म्युझिक सिस्टीमवर हजारो रुपये उडवतो ना आपण? मग या कामाचे पैसे देताना घासाघीस कशाला? गाडी पळते किती, हे मित्रांना सांगायला ठीक; ती थांबते कुठे, यावर आपलं घरी पोहोचणं अवलंबून असतं!