वहिनींचे मशीन

व्याकरणात क्रियापद अडले तर मी सोडवू शकतो. विजेची मोटर अडली तर माझी एम. ए. ची पदवी कवडीच्या कामाची नाही, हे आमच्या घरात सर्वश्रुत आहे. तरीही नवरात्र उलटल्यावर डोंबिवलीहून वहिनींचा फोन आला तो मलाच. "भाऊजी, मशीन पिसाळले आहे!"

थोरले बंधू गेल्यापासून वहिनींचा संसार या शिलाई मशीनवर चालतो. दिवाळीआधी चाळीस ब्लाउज द्यायचे होते. तास आटोपून मी ठाण्याला गाडी पकडली. जाऊन पाहतो तो वहिनींच्या तर्जनीला चिंधी बांधलेली. पायाखालचे पेडल जरा दाबले की मोटर एकदम पूर्ण वेगाने सुटे. सुई नखातून गेली होती.

"नवे पेडल आणतो," मी म्हणालो.

"नको. दुरुस्त होत असेल तर बघा." माझ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, हा त्यांचा नेम. तो मोडण्याची माझी प्राज्ञा नाही.

शेजारचे काका कुर्ल्याच्या कारशेडमधून निवृत्त झालेले. त्यांनी मोटर सोडवून तिच्या जागी साठ वॉटचा दिवा जोडला आणि मला पेडल सावकाश दाबायला सांगितले. दिवा हळूहळू उजळायला हवा होता. तो एकदम लख्ख पेटला. "मास्तर, दोष पेडलात आहे," काका म्हणाले.

प्लग काढून पेडल उघडले. आत नखाएवढा, तीन पायांचा ट्रायॅक. आपल्या घरची वीज सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे हेलकावते. प्रत्येक हेलकाव्यात हे दार किती उशिरा उघडायचे, ते पायाचा दाब ठरवतो. उशीर जास्त, तर वेग कमी. काकांनी मीटर लावला. दोन मुख्य पायांमध्ये रोध जवळजवळ शून्य! दार कायमचेच उघडे पडले होते.

दुसऱ्या दिवशी मी लॅमिंग्टन रोडवरून बीटी १३६ नावाचा ट्रायॅक आणला, पंचवीस रुपयांचा. काकांनी डाख दिला. मशीन गरीब गायीसारखे चालू लागले. मी विजयी मुद्रेने घरी परतलो, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन!

"चूक माझी," काका म्हणाले. "जळलेला बदलला, जाळणारा शोधलाच नाही." त्यांनी खोलीतला दिवा मालवून मोटर फिरवली. तिच्या जाळीतून निळ्या ठिणग्यांचा सडा दिसला, दिवाळीआधीच भुईनळे! आतले कार्बनचे ब्रश झिजून डाळीएवढे उरले होते. ठिणगीबरोबर उसळणारा विजेचा धक्का झेलायला पेडलात एक छोटा कपॅसिटर असतो. त्याचा एक पाय तुटलेला. म्हणजे सारे धक्के बिचाऱ्या ट्रायॅकच्या छातीवर!

ब्रश घासून बसवता बसवता काका आपल्या गाड्यांवर घसरले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. तेथे वेग आवरायला ट्रायॅक कुठला? मोटारी आधी एकीमागे एक जोडायच्या, वाटेत रोधांची रांग ठेवायची. गाडी वेग घेईल तसतसा एकेक रोध वगळायचा, मग जोडणी समांतर करायची. रोधांत अडलेली वीज नुसती उष्णता होऊन डब्याखाली जाई. मुख्य मार्गावरून डीसी २०१५ साली गेली. आता माथ्यावरच्या तारेत २५,००० व्होल्ट एसी, आणि नव्या गाड्यांच्या मोटारींना ब्रशच नाहीत. "झिजलेले ब्रश बदलण्यात आमचे आयुष्य गेले, आणि घरच्या मोटरीचे बघायचे सुचले नाही," काका स्वतःवरच चिडले.

ब्रश, कपॅसिटर, ट्रायॅक, तिन्ही नवे बसले. पुन्हा दिव्याची परीक्षा झाली. या वेळी तो पहाटेसारखा उजळला. वहिनींनी चिंधीवर पाय टेकला. एक टाका. थांबल्या. दुसरा टाका. तोंडाने मोजत त्यांनी दहा टाके एकेक करून घातले, आणि मग पहिला ब्लाउज पुढे ओढला.

मी निघालो तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. दारात वहिनींनी माझ्या हातावर नोटा ठेवल्या. दोन ट्रायॅक, ब्रश, कपॅसिटर, मोजून. लॅमिंग्टन रोडचे जाण्यायेण्याचे भाडेसुद्धा. मी मुकाट्याने घेतल्या.