सातबाऱ्याचा सात डिसेंबर

मागच्या शनिवारी अंबडला काकांच्या जमिनीची यादी करत बसलो होतो. गट नंबर १२/३ टाकला, स्प्रेडशीटने केला '१२ मार्च'. ७/१२ लिहिलं तर '७ डिसेंबर'! च्यायला, विचारलं होतं कुणी? फॉरमॅट 'टेक्स्ट' केला, तर भलताच पाच आकडी नंबर. आणि गट चुकला की वाटणीत भांडणं ठरलेली.

लोक म्हणतात, आधी कॉलम टेक्स्ट करा, नाहीतर आकड्याआधी अपॉस्ट्रॉफी द्या. उपाय बरोबर, पण शिस्त आम्हीच का पाळायची? 'मार्च१' या जनुकाची तारीख व्हायची, म्हणून २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी अशा जनुकांची नावंच बदलली. काकांचा गट नंबर कोण बदलणार, तहसीलदार?

अंदाज खुशाल करा. पण बदलण्याआधी विचारा ना राव!