विटांचा खेळ आणि मोठी माणसे

मोठ्या माणसाने खेळण्यातल्या विटा जोडत बसावे काय, असा प्रश्न गेल्या महिन्यात एका भगिनीने आमच्यापुढे ठेवला. त्यांचे बिऱ्हाड रत्नागिरीत मांडवीच्या बाजूला. पती कारखान्यात कामाला, वय बेचाळीस. मुलाच्या वाढदिवसाला प्लास्टिकच्या विटांचा खोका आणला. मुलाने तो आठ दिवसांत बाजूला टाकला आणि बापाने उचलला. तेव्हापासून रात्री जेवणे उरकली की गृहस्थ चटई पसरून विटा जोडतात. दुसरा खोका आला, आता तिसऱ्याची बोलणी चालू आहेत. "दारू नाही, जुगार नाही, म्हणून भांडायचीही सोय नाही. पण शेजारी हसतात हो दादा, आणि पैसे जातात ते वेगळेच," असे त्या म्हणाल्या.

त्यांच्या तक्रारीत दोन गोष्टी आहेत, हसणे आणि पैसे. आम्ही दोन्हीकडे वेगवेगळे पाहतो.

हसणाऱ्यांचे आधी घेऊ. चाळीत रात्री बारापर्यंत कॅरम चालतो, त्याला कोणी हसत नाही. पत्ते कुटणाऱ्याला हसत नाहीत. दिवाळीत मुलांच्या नावाखाली मातीचा किल्ला बापच करतो, त्याचे तर कौतुक होते. मग विटांनीच काय घोडे मारले? आपल्या समाजात याला आणखी एक कारण आहे. आपल्या आधीच्या पिढीला वीट ओळखीची झाली ती डोक्यावरच्या ओझ्याने. कोणी ठाण्याकडच्या वीटभट्टीवर गेले, कोणी इथल्याच चिरेखाणीवर जांभ्याचे चिरे उचलले, कोणी मुंबईच्या गोदीत पाठ मोडून घेतली. खेळायला ना वेळ होता ना वस्तू. ज्याला लहानपणी खेळणे मिळाले नाही तो चाळिशीत ते हातात घेतो, यात हसण्यासारखे आम्हाला काही दिसत नाही. बाबासाहेबांच्या डोक्यावर केवढा भार होता! तरीही उतारवयाकडे झुकताना ते व्हायोलिन शिकले, चित्रकलेसाठी कुंचलाही हाती धरला. छंद हा रिकामटेकड्यांचा उद्योग नव्हे.

आता ही वीट आली कुठून, हे थोडे सांगितले पाहिजे. डेन्मार्क देशात बिलुंड नावाचे लहानसे गाव आहे. तिथे ओले किर्क क्रिस्टियान्सन नावाचे एक सुतार होते. जगभर मंदी आली, घरे बांधणे थांबले, सुताराला काम उरले नाही. तेव्हा १९३२ साली त्यांनी लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. पुढे कारखान्याचे नाव 'लेगो' ठेवले. त्यांच्या भाषेत 'चांगले खेळा' असा अर्थ होणाऱ्या दोन शब्दांचे ते लघुरूप आहे. १९४९ साली त्यांनी प्लास्टिकची वीट काढली. ती कल्पना मूळची त्यांची नव्हे. इंग्लंडच्या हिलरी पेज यांनी आधी तशी वीट केली होती, तिच्यावरूनच ही घेतली. मोठ्या कंपनीचे नाव जगभर झाले आणि पेज यांचे नाव थोड्यांनाच ठाऊक राहिले. अशा गोष्टी आपल्याला नव्या नाहीत.

पहिल्या विटा एकमेकींवर बसत, पण घट्ट राहत नसत. २८ जानेवारी १९५८ रोजी ओले किर्क यांचे चिरंजीव गोटफ्रेड यांनी नव्या विटेच्या पेटंटसाठी अर्ज केला. वर घुंड्या आणि आत पोकळ नळ्या, असा हा जोड. खालच्या विटेच्या घुंड्या वरच्या विटेच्या नळ्या आणि भिंती यांच्यामध्ये दाबून बसतात, म्हणून वीट सहज सुटत नाही आणि लहान मुलाच्या हातानेही निघते. १९६३ पासून ए.बी.एस. नावाचे टिकाऊ प्लास्टिक आले. आधीचे प्लास्टिक वाकत असे, हे वाकत नाही. १९५८ सालची वीट आजच्या विटेवर बसते. इतक्या वर्षांत माप हलले नाही, या खेळाचे मर्म आम्हाला इथेच दिसते.

माप असे. दोन घुंड्यांमधले अंतर ८ मिलिमीटर. विटेची उंची ९.६ मिलिमीटर. पातळ पट्टी असते तिची उंची ३.२ मिलिमीटर, म्हणजे तीन पट्ट्या मिळून एक वीट. एवढा हिशेब ज्याच्या ध्यानात राहिला त्याला नकाशाची पुस्तिका लागत नाही. आठ घुंड्यांच्या एकाच रंगाच्या सहा विटा घेतल्या तर त्या किती तऱ्हांनी जोडता येतील? कोपनहेगन विद्यापीठातील गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी ती मोजदाद करून आकडा दिला : ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५. सहाच विटा! म्हणून आम्ही म्हणतो की विटा थोड्या असल्या तरी काम भागते.

आमच्या ओळखीचे एक गवंडी बंधू आहेत. त्यांना आम्ही मुद्दाम एका घरी असे प्लास्टिकचे घर दाखवायला नेले. त्यांनी चष्मा लावला, भिंतीला बोटाने हलकेच टोचले आणि म्हणाले, "सांध्यावर सांधा आलाय. ही भिंत चिरणार." आणि खरेच, जरा जोर देताच ती भिंत उभी दुभंगली. चिऱ्याचे बांधकाम असो की प्लास्टिकचे, खालच्या दोन विटांचा सांधा वरच्या विटेच्या पोटाखाली आला पाहिजे. कोपऱ्यात एका थराला या भिंतीची वीट बाहेर काढायची, पुढच्या थराला त्या भिंतीची. गवंडीबुवांनी अर्ध्या तासात ते घर पुन्हा बांधून दिले. घरातली नववीतली मुलगी शेजारी बसून प्रश्न विचारत होती आणि ते उत्तरे देत होते. त्यांच्या हातातली विद्या कोणी शिकवून घेते आहे, हे त्यांनाही बहुधा प्रथमच अनुभवाला येत असावे.

आता पैशांकडे येऊ. इथे मात्र आम्ही त्या भगिनीच्या बाजूचे.

परदेशी विटा महाग पडतात. बाहेरच्या खेळण्यांवरचे आयातशुल्क सरकारने २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के केले आणि २०२३ साली ७० टक्के. शिवाय २०२० पासून कंपनीने मोठ्यांसाठी '१८ वर्षांवरील' असा शिक्का मारलेले खोके काढले आहेत. काळा खोका, देखणे चित्र, हजारो तुकडे. याचा अर्थ मोठ्या माणसाचा खिसा हेरला गेला आहे. पगारदार माणसाने हप्त्यावर असा खोका घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. घरखर्च, मुलांची फी, म्हाताऱ्यांचे औषध हे बाजूला काढल्यावर छंदाला महिन्याला काय उरते ते नवरा-बायकोने दोघांनी बसून वहीत लिहावे. उरत नसेल तर त्या महिन्यात आहेत त्याच विटा मोडून नवे काहीतरी बांधावे. भारतात तयार झालेल्या विटाही बाजारात आहेत. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे आहे, तेवढे पाहून घ्यावे. आणि घरात तीन वर्षांखालचे मूल असेल तर बारीक तुकडे वर ठेवावेत. ते थेट तोंडात जातात.

काही लोक खोके विकत घेतात आणि उघडतच नाहीत. पुढे भाव वाढेल म्हणून माळ्यावर ठेवतात. त्यांच्यासाठी एक दाखला देतो. २००८ साली लेगो कंपनीने आपल्या ताजमहालाचा खोका काढला होता. त्यात ५,९२२ तुकडे होते, तोवरचा कंपनीचा सर्वांत मोठा खोका तो. पुढे तो बाजारातून गेला आणि जुन्या खोक्यांचे भाव भलतेच चढले. मग २०१७ साली कंपनीने तोच ताजमहाल पुन्हा काढला. साठा करून बसलेल्यांचा नफा एका दिवसात उतरला. आम्ही वाणिज्य शाखेचे, जमा-खर्च थोडाफार कळतो. ज्या मालाचा पुरवठा वाढवणे दुसऱ्याच्या हातात आहे त्याला बचत म्हणू नये.

साठवण्याच्या या हव्यासाबद्दल संयुत्त निकायात एक सुंदर दृष्टांत आहे. भगवान बुद्धांनी तो राध नावाच्या भिक्खूला सांगितला. मुले-मुली वाळूची घरकुले करून खेळतात. जोवर त्या घरकुलांचा लोभ आहे तोवर ती जपतात, माझे-माझे म्हणतात. लोभ सरला की तीच मुले हातापायांनी ती घरे विखरून टाकतात. हे पाहायला कुठे लांब जायला नको. संध्याकाळी मांडवीच्या जेट्टीवर उभे राहा. खाली काळसर ओल्या वाळूत मुलांची घरे उठतात, एखादा भाऊ बहिणीला आपल्या घराला हात लावू देत नाही, त्यावरून रडारड होते. मग आई हाक मारते आणि जाता जाता तोच भाऊ घरावर पाय देऊन पुढे पळतो. भरती येऊन उरलेले नेते. दृष्टांताचा रोख फार खोल आहे, तृष्णाक्षयाकडे आहे, तो आम्ही खेळापुरता आखडून घेत नाही. पण ज्याला आपण बांधलेले मोडवत नाही त्याने विटांच्या नादी लागू नये, एवढे तरी त्यावरून म्हणता येईल. काचेच्या कपाटात कायमचे ठेवलेले घर म्हणजे शोभेची वस्तू. विटेचा उपयोग ती सुटते म्हणून आहे.

ज्यांना विटा परवडत नाहीत त्यांच्यासाठी एक उपाय आहे, आणि तो आपल्या महाराष्ट्रात चांगला रुजलेला आहे. अरविंद गुप्ता हे कानपूरच्या आय.आय.टी.चे अभियंते, पुण्याच्या टेल्को कारखान्यात होते. १९७८ साली ते मध्य प्रदेशात होशंगाबादला मुलांना विज्ञान शिकवण्याच्या कार्यक्रमात गेले. तिथे त्यांनी सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या यांच्यापासून जोडणीचा खेळ केला. पुढे अनेक वर्षे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी मुलांना टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करायला शिकवले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. व्हॉल्व ट्यूबचा बोटाच्या पेराएवढा तुकडा घ्यायचा, दोन्ही बाजूंनी काडी खुपसायची, की सांधा तयार. काडीचे गूळ आधी खरवडून काढावे. चार काड्यांचा चौकोन केला तर तो दाबताच कलंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण कलंडत नाही. आपल्या कौलारू घराच्या कैचीत त्रिकोण का असतो, हे मुलाला पाच मिनिटांत कळते, बापालाही कळते. सगळा खर्च चहाच्या दोन कपांएवढा.

शेवटी आमच्या मनातली एक योजना सांगतो. जयंतीला आपण दीक्षाभूमीच्या, चैत्यभूमीच्या प्रतिकृती करतो. पूर्वी त्या थर्माकोलच्या असत, जयंती संपली की मोडून उकिरड्यावर जात. २०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी आली, तीत सजावटीचा थर्माकोलही गेला. रथावर मावेल एवढे मोठे काम विटांत होणार नाही. पण विहारातल्या टेबलावर मावेल अशी दीक्षाभूमी चार घरांच्या विटा एकत्र करून होते. जयंती झाली की विटा ज्याच्या त्याला परत. पुढच्या वर्षी त्याच विटांची चैत्यभूमी.

नागपूरचा स्तूप वास्तुविशारद शिवदान मल यांनी आखला. काम १९७८ साली सुरू झाले आणि १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते उद्घाटन झाले. स्तूप आतून पोकळ आहे आणि त्याचा व्यास १२० फूट, म्हणजे साधारण ३६.६ मीटर. दोनशेपट लहान केला तर १८.३ सेंटिमीटर. ८ मिलिमीटरने भागले की २३ घुंड्या येतात, जोड संख्या सोयीची म्हणून २४ धराव्यात. घुमट अर्धगोल धरला तर त्याची उंची ९.६ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर दहा थर. प्रत्येक थराचा व्यास शाळेतल्या पायथागोरसने काढता येतो. सहाव्या थरापाशी तो सुमारे १९ घुंड्या भरतो, आठव्यापाशी १४, नवव्यापाशी १०. चौकटीच्या कागदावर प्रत्येक थराचे वर्तुळ काढावे, ज्या चौकटीचा अर्ध्याहून अधिक भाग वर्तुळात येतो ती भरावी. आपल्या दहावीच्या मुलांकडून हे करून घ्यावे.

खालचे पाच-सहा थर सोपे आहेत. वर गेल्यावर प्रत्येक थर आत फार झेप घेतो आणि पोकळ घुमटात विटेला खाली आधार उरत नाही. गवंडीबुवांना विचारले. ते म्हणाले, आतून मधोमध एक खांब उभा करा, नवव्या थराला लांब पट्ट्या आडव्या टाका आणि मग झाकण बसवा. खांब बाहेरून दिसत नाही.